बाबांची गोळी आणि अंड्याचा बलक

बाबांची कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू झाल्यापासून आई त्यांच्या उकडलेल्या अंड्यातला बलक काढून टाकते. परवा फोनवर म्हणाली, "तुझ्याकडच्या मुलांचं कोलेस्टेरॉल कमी असतं ना? मग बरंच आहे की गं!"

बरं नाही गं आई. मी अमेरिकेत बेथेस्डाला, एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत, स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ या आजाराच्या अभ्यासात काम करते. तिघा डॉक्टरांनी 1964 साली तो पहिल्यांदा नोंदवला. पण मुळात बिघाड कोलेस्टेरॉलमध्ये आहे, हे कळायला 1993 उजाडलं. शरीर स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं. त्यातली शेवटची पायरी पार पाडणारं एन्झाइम या मुलांमध्ये धड चालत नाही. मग 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा कच्चा माल साचत जातो. आई-वडील दोघेही ठणठणीत, पण दोघांकडे एकेक बिघडलेला जीन असला की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. पायाची दुसरी-तिसरी बोटं जुळलेली असतात, म्हणून आधी मोजे काढायला सांगतात. साध्या रक्ततपासणीत हा कच्चा मालही कोलेस्टेरॉल म्हणूनच मोजला जातो, त्यामुळे आकडा कधीकधी नॉर्मल दिसतो.

इथे बलक म्हणजे औषध. काही मुलांना तो पोटातल्या नळीतून देतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल त्याने वाढतं, पण मेंदूत ते पोचत नाही. मेंदूला स्वतःचं स्वतःच बनवावं लागतं. झोप न लागणं, चिडणं, स्वतःला चावणं म्हणूनच बलकाने फारसं हटत नाही. आणि गंमत बघा, बाबांच्या गोळीच्या कुळातलं सिम्व्हास्टॅटिन इथल्या सौम्य आजाराच्या मुलांना देऊन पाहिलंय! कोलेस्टेरॉल आधीच कमी असलेल्यांना! साचणारा कच्चा माल त्याने घटला, चिडचिडही थोडी कमी झाली. हे ऐकून बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

माझं काम मात्र औषधाचं नाही. 'नॅचरल हिस्टरी' म्हटल्यावर मावशीला वाटलं, मी वॉशिंग्टनच्या डायनासोरवाल्या म्युझियममध्ये नोकरीला लागले! आजार आपल्या वाटेने कसा जातो, ते वर्षानुवर्षं नोंदवत राहायचं. उद्या नवं औषध आलं तर तुलना कशाशी करणार? एवढ्या मोजक्या मुलांमध्ये ही जुनी नोंदच कामी येते. कुटुंबं लांबून येतात. हॉस्पिटलचं बिल नसतं, पण दोन-तीन दिवस नुसत्या तपासण्या, आणि बदल्यात हातात गोळीसुद्धा नाही. तरी पुन्हा येतात. उन्हाने कातडी भाजते म्हणून जुलैतही पूर्ण बाह्यांत.

उद्या एक मुलगा चौथ्यांदा येतोय. गेल्या खेपेला माझ्या रकान्यात होतं: झोप चार तास, शब्द दोन. आईने मेलमध्ये कळवलंय, आता तो तिसराही म्हणतो. कोणता, ते मात्र लिहिलेलं नाही.