तुम्ही विचारलंत म्हणून: केंद्रप्रमुख नेमकं करतो काय?

लग्नात, एसटी स्टँडवर, पानठेल्यावर, जिथं जावं तिथं हेच. "सर, तुमी केंद्रप्रमुख आहा न, मंग शाळा काहून सुधरत नाही? तुमी करता तं काय करता?" इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. आज सांगून टाकतो.

केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट; माझ्याकडे अकरा शाळा आहेत. महिन्याला शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, घ्यायची, वर्गात मागं बसून शिकवणं पाहायचं, शिक्षकाला अडलं तिथं हात द्यायचा, हे माझं काम. दिवस मात्र जातो यू-डायसच्या, म्हणजे सरकारला ऑनलाइन भरून द्यायच्या शाळेच्या माहितीत, आधारच्या दुरुस्त्यांत, पोषण आहाराच्या हिशेबात. शेजारच्या केंद्राचं पद रिकामं, म्हणून तेही माझ्याच गळ्यात. हे सगळं खरं आहे. पण एवढंच सांगून थांबलो तर ती लबाडी होईल.

22 जून 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय निघाला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हे मला मनापासून पटलं होतं, आजही पटतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे काही केंद्रांचा गट) शाळांत मुलं कृतीतून शिकतात, हे ऐकून आम्ही वर्गाच्या फरशा रंगवल्या, काड्यांचे गठ्ठे बांधले. आपलं केंद्र शंभर टक्के प्रगत करायचं, एवढंच डोक्यात होतं.

2016 च्या पावसाळ्यात एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, शाळेत गेलो. दोन शिक्षकांपैकी एक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे, चारही वर्ग एकट्या मॅडमकडे. तिसरीची सात मुलं उभी केली, पुस्तक दिलं. पाच जणांना एक ओळ वाचता आली नाही. एक पोरगी अक्षरावर बोट ठेवून नुसती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मॅडम म्हणाल्या, "सर, एक वही केली आहे मी, पाहता का?" मी घड्याळ पाहिलं. बाराच्या आत पुढची शाळा गाठायची होती. "पुढच्या भेटीत पाहू," म्हटलं, आणि शेरेबुकात लिहिलं: 'इ. तिसरीच्या 7 पैकी 5 विद्यार्थ्यांना वाचता येत नाही. टाचण अपूर्ण. तात्काळ सुधारणा अपेक्षित.' खाली सही.

त्या शेऱ्यावरून मॅडमना कारणे दाखवा नोटीस निघाली. पुढच्या बदल्यांत त्या गेल्या.

वही मला नंतर शाळेच्या कपाटात सापडली. शंभर पानी, मधोमध लाल शाईची रेघ. डावीकडे पाणी, विस्तव, भाकर, वासरू. उजवीकडे तेच शब्द कोलामीत, देवनागरीत लिहिलेले. काही शब्दांपुढे जागा मोकळी, तिथं पेन्सिलीनं बारीक अक्षरात: 'आजीला विचारायचे'. कोलामी द्रविडी भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्या पोरांना अक्षर यायच्या आधी शब्दच परका होता, आणि मॅडम तिथूनच बांधत आणत होत्या. मी त्या वहीला पाच मिनिटं दिली नाहीत.

तरीही विचारतो, माझा शेरा खोटा होता का? पाच मुलं वाचत नव्हती, ही गोष्ट लपवायची होती का? 'भाषा वेगळी आहे' म्हणून वर्षानुवर्षं मुलं तशीच पुढच्या वर्गात ढकलली गेलेलीही मी पाहिली आहेत. त्या वेळचा मी म्हणतो, आकडा लिहिणं माझं कामच होतं. आताचा मी म्हणतो, आकड्याखाली आणखी दोन ओळी मावल्या असत्या. दोघांचं अजून जमलेलं नाही.

आता मी भेटीला गेलो की शेरेबुक शेवटी मागतो. आधी विचारतो, काय अडतं आहे? म्हणून शाळा सुधारल्या, असं म्हणणार नाही. महिन्यातून एकदा तासभर बसून काय होतं, तेही मला ठाऊक आहे.

मागच्या वर्षी मॅडमना फोन केला. चुकलो, म्हटलं. त्या म्हणाल्या, "सर, पोरं वाचत नव्हती हे खरंच होतं न." मग विचारलं, "त्या पाचही जणांना नंतर आलं का वाचता?" तिघांना आलं, मी सांगितलं. बाकी दोघं कापूस वेचणीच्या दिवसांत मायबापासोबत गेली ती शाळेत परत आली नाहीत. कुठं गेली, हे त्यांनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही.