वेफर आधी तापेना, मग आवरेना

मायक्रोवेव्हने सिलिकॉन तापवायला बसलेला नवा विद्यार्थी आधी पॉवरची डायल बघतो. ती फक्त आपण किती पाठवलं ते सांगते. वेफरने, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ गोल कापाने, किती घेतलं ते परतलेल्या पॉवरच्या मीटरवरून कळतं. त्या दिवशी हा मीटर जवळजवळ सगळीच पॉवर परत येतेय असं दाखवत होता. लहरींचा मेळ जुळवणारा ट्यूनर हलवून पाहिला, फरक नाही.

वेफर दोन इंची, फ्लोट-झोन (अतिशुद्ध सिलिकॉनचा प्रकार), रोधकता हजारो ओहम-सेंमी. त्यात फॉस्फरस इम्प्लांट झालेला, म्हणजे त्याचे अणू वेगाने आत घुसवलेले. अ‍ॅनील करून, म्हणजे तापवून, ते अणू स्फटिकाच्या जाळीत बसवायचे होते. इतक्या शुद्ध सिलिकॉनमध्ये थंड असताना मोकळे इलेक्ट्रॉन नावालाच असतात, त्यामुळे २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यातून आरपार जातात.

"पॉवर वाढवू का, मॅडम?"

"नको. खाली सिलिकॉन कार्बाइडची चकती ठेव."

कार्बाइड थंड असतानाही लहरी शोषतं आणि वरच्या वेफरला तापवतं. पायरोमीटरचा (प्रकाशावरून तापमान सांगणाऱ्या मीटरचा) आकडा निवांत चढत होता. सहाशे अंशांच्या आसपास परतीच्या पॉवरचा काटा एकदम कोसळला. खिडकीतून पाहिलं तर वेफर मधोमध लालभडक, कडा मात्र काळ्याच. मी पॉवर खाली ओढेपर्यंत 'टक्' आवाज आला.

सिलिकॉन तापलं की त्यात मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात. सहाशे अंशांना रोधकता १ ओहम-सेंमीच्याही खाली येते, म्हणजे ते जास्त शोषतं, म्हणून आणखी तापतं. शिवाय लहरलांबी १२.२ सेंमी, पोकळीत स्थिर लहरी उभ्या राहतात आणि उष्णता एका जागी साचते. घरच्या ओव्हनमधली काच उगाच फिरत नाही! मधला भाग फुगला, थंड कडेवर ताण आला, तडा तिथूनच गेला.

पायरोमीटरने तर आम्हाला सरळ फसवलं होतं. तो १.६ मायक्रॉनवर बघतो, आणि थंड सिलिकॉन या प्रकाशाला पारदर्शक. इतका वेळ आम्ही वेफरचं म्हणून वाचत होतो ते तापमान खालच्या कार्बाइडचं होतं.

तुकड्यांवर फोर-पॉइंट प्रोब (रोध मोजणाऱ्या चार सुया) टेकवला. मधल्या भागात रोध चांगला उतरलेला, कडेला फॉस्फरस जागेवर बसलाच नव्हता. विद्यार्थी वही उघडून विचारता झाला, "तापमान किती लिहू?"

म्हटलं, "तो रकाना कोरा ठेव. पाठवलेली पॉवर, परतलेली पॉवर आणि वेळ, एवढंच लिही. उद्या वेफर फिरवणाऱ्या धातूच्या रोटेटरऐवजी क्वार्ट्‌झचा बसवू, मग बघू."