स्कँडिकचं इंजिन, भाग ३ : टू-टी ऑइल ठरलं

दोन्ही सिलिंडर आणि हेड बसले. होन केलेल्या (आतून बारीक घासून घेतलेल्या) बोअरमध्ये नव्या रिंगा छान फिरतायत, दोरी ओढली की कॉम्प्रेशन हाताला जाणवतं. पहिल्या स्टार्टच्या आधी टू-टी ऑइलचं, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत जळणाऱ्या तेलाचं ठरवायचं होतं, आणि त्यात मी मुद्दाम वेळ घातला.

नव्या मंडळींसाठी : जुनी स्की-डू स्कँडिक, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबील, आत रोटॅक्स ५०३ इंजिन. दोन सिलिंडर, ४९६.७ सीसी, बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ६१ मिमी, आणि थंड होतं ते पंख्याच्या हवेवर. तेलाची सगळी निवड या शेवटच्या गोष्टीवरून होते.

इथे कॅनडात सडबरीला जिकडे तिकडे तळी, त्यामुळे बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ तेल कुठल्याही दुकानात मोठ्या कॅनमध्ये स्वस्त मिळतं. बरेच जण तेच स्नोमोबीलमध्ये ओततात. पण आउटबोर्ड इंजिन तळ्याचं गार पाणी ओढून थंड राहतं. त्याला राख न सोडणारं तेल लागतं, कारण राखेचा थर तापून वेळेआधी पेट्रोल पेटवतो. हवेवरचं इंजिन त्याहून बरंच तापतं. तिथे रिंगेच्या खाचेतला डिंक आणि कार्बन सोडवणारी रसायनं हवीत, ती लो-ॲश, म्हणजे थोडी राख सोडणाऱ्या तेलात असतात. माझं इंजिन खोललं तेव्हा एका पिस्टनची वरची रिंग खाचेत पार चिकटलेली होती. आधी त्यात काय ओतलं जायचं ते कळायला मार्ग नाही, पण पुढे मात्र मी टीसी-डब्ल्यू३ घालणार नाही.

म्हणून बाटलीवर आधी जासो, म्हणजे तेलाच्या दर्जाचं जपानी मानक शोधलं. एफसी म्हणजे कमी धूर. एफडीमध्ये धुराची अट तीच, पण पिस्टन स्वच्छ ठेवण्याची परीक्षा जास्त कडक. मी एफडी धरलं.

दुसरी कसोटी थंडीची. महाराष्ट्रात आरएक्स १०० फिरवलेल्यांना ऑइलची वेगळी टाकी आणि पंप ओळखीचे आहेत. तिकडे तेल घट्ट होण्याची काळजी नव्हती. इथे तेल टाकीतून बारीक नळीने आपल्या वजनाने पंपापर्यंत उतरतं. ते अडलं तर इंजिन कोरडं पडतं, आणि कळेपर्यंत पिस्टन ओरखडलेला असतो. तीन तेलं बरण्यांत भरून रात्रभर बाहेर ठेवली. पहाटे पारा उणे २८ ला होता. साधं मिनरल काकवीसारखं पडत होतं, सेमी-सिंथेटिक जरा बरं, फुल सिंथेटिक मात्र सरळ धार धरून. डेटाशीटवर पोर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली तेल वाहायचं थांबतं ते तापमान, बघाच. मी उणे ४० च्या वरचं घेत नाही. एरंडेलाचं रेसिंग तेल वंगणाला उत्तम, पण थंडीत पेट्रोलपासून सुटतं, त्यामुळे ते बाद.

तर फुल सिंथेटिक, जासो एफडी. त्यावर नव्या रिंगा बोअरला घासून नीट बसत नाहीत असं काही जण म्हणतात. ओतीव लोखंडाच्या ताज्या होन केलेल्या स्लीव्हमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळीत) मला ती भीती वाटत नाही. ई-टेकवाल्यांनी (स्की-डूची नवी, इंजेक्शनवाली इंजिनं) मात्र माझं ऐकू नये. तिथे पंप अगदी मोजून तेल देतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला.

जुनी टाकी पूर्ण रिकामी करून नळ्या बदलल्या. वेगळ्या जातीची तेलं एकत्र आली की कधी कधी गाळ धरतात, आणि एवढ्या बारीक नळीत तो परवडत नाही. पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू दिलं, मग केबल ओढून पंपाच्या खुणा जुळवल्या.

पहिल्या टाकीला पंप चालू असतानाच पेट्रोलमध्येही ५० ला १ तेल मिसळणार, म्हणजे नळीत हवा राहिली असली तरी इंजिन कोरडं पडणार नाही. प्लग थोडे ओले आणि काळसर निघतील, ते चालेल. जेटिंगला, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या मापाला, तेव्हा हात लावायचा नाही. ती टाकी संपली की सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून रिंगा बोटाने दाबून बघेन. मोकळ्या हलल्या तर नुसत्या पंपावर चालवेन. पोर्टचे फोटो भाग ४ मध्ये टाकतो.