प्लस कुणावर आहे?

मी पुण्यात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बसते, बुकिंग, डिझेलची बिलं, फास्टॅग, ई-चलान सगळं माझ्याच टेबलावर. चलान आलं की आमच्याकडे सरळ हिशोब असतो, पोर्टलवर फोटो बघायचा, रजिस्टरला ड्रायव्हरचं नाव टाकायचं आणि महिनाअखेरीला पगारातून कट. कुणी फार वाद घालत नाही, घातलाच तर शेठ म्हणतात भर आणि विषय संपव.

आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हर काकांच्या कारवर ओव्हरस्पीडचं 2000 चं चलान आलं तेव्हा मीपण तेच करणार होते. सातारा रोड, शिरवळच्या पुढे, स्पीड 103, लिमिट 90. काका म्हणाले, "ताई, माझ्या गाडीत पॅसेंजर झोपतात. 103 नी कोण झोपेल?" मनात म्हणलं, सगळेच असं म्हणतात. पण काका काही टेबलासमोरून हलेनात, म्हणून त्यांच्या समाधानासाठी जीपीएस उघडला (टॅक्सी परमिटच्या गाडीला तो लावावाच लागतो) तर फोटोवर जी वेळ होती त्या मिनिटाला ट्रॅकर 84 दाखवत होता, आणि त्याच्या मागेपुढे दहा मिनिटांत कुठेच 88 च्या वर नाही.

मग मी चलानचा फोटो पहिल्यांदा नीट बघितला. खरं सांगायचं तर तीन वर्षांत शेकडो चलानं भरली असतील पण नंबरप्लेट आणि रक्कम सोडून मी काहीच बघत नव्हते. इंटरसेप्टर, म्हणजे हायवेवर उभं राहून स्पीड मोजणाऱ्या पोलिसांच्या गाडीतल्या लेझर गनच्या फोटोत एक बारीक प्लसची खूण असते, नेम जिथे धरलेला असतो तिथे. फोटो झूम केला तर आमची कार डाव्या लेनमध्ये, नंबर स्पष्ट, आणि तिच्या थोडी मागे उजव्या लेनमध्ये एक पांढरी एसयूव्ही, तिची प्लेट आमच्या कारमागे अर्धी झाकलेली. प्लस त्या एसयूव्हीच्या काचेवर. म्हणजे स्पीड तिचा मोजला आणि जो नंबर वाचता आला तो टाकला, माझ्या मते तरी असंच झालं असणार.

पोर्टलवर तक्रार टाकली, जीपीएसचा रिपोर्ट जोडला, बारा दिवसांनी उत्तर आलं की तक्रार फेटाळली. कारण वगैरे काही नाही. मग काही महिन्यांनी लोकअदालतीचा मेसेज. तिथे ही गर्दी, लोक हातात मोबाईल धरून रांगेत, घाम पुसतायत. आमचा नंबर आल्यावर काका सांगायला लागले तर पॅनेलवरच्या सरांनी मध्येच थांबवलं, "इथे तडजोड होते, कोण खरं कोण खोटं ते ठरत नाही. कमी करून भरायचं असेल तर आत्ता भरा, गुन्हाच कबूल नसेल तर कोर्टात जा." शेठच्या ओळखीच्या वकिलांनी आधीच सांगितलं होतं की लोकअदालतीत एकदा तडजोड झाली की पुढे अपील नसतं. मी काकांना हळूच म्हणलं भरून टाका, सुटाल. ते म्हणाले, "कमी कशाला? पळवली असेल तर पूर्ण भरतो. नसेल तर रुपया नाही."

कोर्टाची तारीख मंगळवारी होती. गाडी दिवसभर उभी, शेठ सकाळपासून माझ्यावर धुसफुसत होते. साडेतीनला पुकारा झाला, मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं गुन्हा कबूल आहे का, काका हात जोडून म्हणाले नाही. आमच्या वकिलांनी फोटोचा मोठा प्रिंट पुढे केला आणि एवढंच सांगितलं की लेझरचा झोत पुढे जाताना पसरतो खरा पण 300 मीटरवरसुद्धा साधारण तीन फूटच रुंद असतो, फोटोवर अंतर 287 मीटर आहे, म्हणजे नेम ज्या गाडीवर धरला तिचाच स्पीड. मी जीपीएसचे कागद काढून बसले होते, ते कुणी मागितलेच नाहीत.

मॅडमनी चष्मा वर करून प्रिंट अगदी डोळ्याजवळ धरला आणि मग पोलिसांच्या बाजूने आलेल्या हवालदारांकडे दिला. "प्लस कुणावर आहे?"

हवालदार बराच वेळ बघत होते. मला वाटलं आता काहीतरी गोलगोल सांगतील, पुढची तारीख मागतील, तेवढं तर सहज करता आलं असतं. ते म्हणाले, "मॅडम, मागच्या गाडीवर आहे."

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. चलान रद्द. काकांना तर कळलंच नाही की संपलं, ते तसेच हात जोडून उभे, शेवटी वकिलांनी दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर ते हवालदार भेटले तेव्हा काकांनी त्यांना चहा पाजला, दोघं गावाकडच्या पावसाबद्दल बोलत बसले, मी आपली बाकावर फाईल घेऊन.

ऑफिसात शेठनी लगेच हिशोब मांडला, दोन दिवस गाडी उभी, वकिलांची फी, 2000 वाचवायला किती घातले. मी ऐकून घेतलं. मधल्या महिनाअखेरीला पगारातून कापून ठेवलेले 2000 मात्र त्याच संध्याकाळी काकांना कॅश द्यायला लावले आणि रजिस्टरमधली ती ओळ लाल पेनने खोडली. काकांनी खोडलेल्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढला, हात हलला म्हणून परत काढला, मग झूम करून बघितला.