बटाट्याची न्योकी: मैदा कमी, बटाटा कोरडा

न्योकी म्हणजे उकडलेला बटाटा आणि मैदा एकत्र करून वळलेले छोटे इटालियन तुकडे, पाण्यात उकळून सॉसबरोबर खायचे. घरी केलेली न्योकी दोन तऱ्हांनी बिघडते. एक तर उकळत्या पाण्यात विरून जाते, नाहीतर खाताना चामट लागते. दोन्हींचं मूळ एकच: बटाट्यातलं जादा पाणी. ओला बटाटा मैदा ओढतच राहतो. मैदा कमी पडला तर तुकडे फुटतात, वाढवला तर चिवट होतात. त्यामुळे मळण्यापेक्षा जास्त लक्ष बटाट्याकडे द्यायचं.

इटलीत यासाठी जुना, पिठूळ बटाटा घेतात. हिवाळ्यात येणारा पातळ सालीचा नवा बटाटा रस्सा भाजीला उत्तम, इथे बाद. आपल्याकडे ‘चिप्सोना’ मिळाला तर सोडू नका. वेफर्ससाठी काढलेलं हे वाण, काही दुकानांत ‘शुगर-फ्री’ म्हणून विकतात. नावाला भुलू नका, त्यात साखर कमी असली तरी स्टार्च भरपूर असतो, आणि आपल्याला तोच हवा. शीतगृहातल्या बटाट्यात उलट होतं, थंडीने स्टार्चची साखर होते. गोडसर लागला तर पंधराएक दिवस घरात अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवून मग वापरा.

वाण माहीत नसेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि बटाटा त्यात सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर पाणचट.

दोन-तीन माणसांना अर्धा किलो बटाटे पुरतात. शक्यतो एकाच आकाराचे घ्या, सालासकट आणि अख्खे. चिरून उकडले की पाणी पितात. गार पाण्यात घालून गॅसवर ठेवा, मध्यम बटाट्याला पाऊण तासाच्या आत-बाहेर लागतो. सुरी सहज आरपार जायला हवी, पण साल फुटायला नको. कुकर लावायचा तर बटाटे कोरड्या भांड्यात, पाणी फक्त तळाला, आणि प्रेशर उतरल्या उतरल्या बाहेर काढा. ओव्हन असेल तर सगळ्यात सरस: खड्या मिठाच्या थरावर ठेवून २०० अंशांवर तासभर. जितका कोरडा निघेल तितका मैदा वाचतो.

साल गरमागरम असतानाच काढा, हात भाजले तरी. कारण गार झालेला बटाटा कुस्करताना चिकट होतो. मिक्सर तर अजिबात नको. पात्याने पेशी फुटतात, मोकळा स्टार्च बाहेर येतो आणि क्षणात खळ तयार होते. ती मग कशानेच सुधारत नाही. इटलीतल्या घरांत बटाटा दाबून जाळीतून काढायचं यंत्र असतं. आपला सोऱ्या तेच काम करतो, फक्त जाड शेवेची चकती लावा. पुरणयंत्रही चालेल, मात्र एकदाच फिरवा. पडलेली बटाट्याची शेव ताटात पातळ पसरा आणि वाफ जाऊ द्या. दहा मिनिटं तरी.

आता वजन करा. साधारण सव्वाचारशे ग्रॅम भरेल, त्याच्या पाव भाग मैदा, म्हणजे १०० ते ११० ग्रॅम, आणि पाऊण चमचा मीठ. कणीक वापरली तर न्योकी जड होते. अंडं घालायचं की नाही यावर इटलीतही एकमत नाही. एक पिवळा बलक घातला तर गोळा धरून राहतो, पण पोत थोडा घट्ट होतो. बटाटा चांगला असेल तर माझ्या मते गरज नाही. घालणार असाल तर बटाटा कोमट झाल्यावरच.

आधी तीन चतुर्थांश मैदा पसरा, ओट्यावर हाताने दाबत, घड्या घालत एकत्र करा. मिनिटभरात गोळा जमला की थांबा. जास्त मळलं की ग्लूटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणतं. आणि पोळीची कणीक झाकून ठेवायची सवय इथे विसरा. ठेवलेला गोळा पाणी सोडतो, चिकटतो, आणि आपण पुन्हा मैदा भुरभुरत बसतो.

पुढे जाण्याआधी एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकून बघा. फुटला तर चमचाभर मैदा वाढवा, पुन्हा बघा.

गोळ्याचे चार भाग करून प्रत्येकाची बोटाएवढी जाड वळी करा आणि दोन-दोन सेंटिमीटरवर कापा. तुकडा काट्याच्या मागच्या बाजूवर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबत खाली घसरवा. एका बाजूला रेघा उमटतात, दुसऱ्या बाजूला खळगा पडतो. गोव्यात नाताळाची कुलकुलं ज्या हाताने वळतात, त्याला हे शिकवावं लागत नाही. रेघा शोभेच्या नाहीत, सॉस तिथे अडकतो. खळग्यामुळे मधला भाग पातळ होऊन आतपर्यंत शिजतो.

मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी, तीस ग्रॅम मीठ. वीस-पंचवीस तुकडे एका वेळी, अधिक नकोत. पाण्याची उकळी मोडली की तुकडे तळाशी चिकटतात. वर तरंगले की दहा-पंधरा सेकंदांत झाऱ्याने उचला. चाळणीत ओतू नका, एकमेकांच्या वजनाने चेपतात.

सॉस आधीच तयार हवा. ५० ग्रॅम लोणी बारीक आचेवर खरपूस वासापर्यंत वितळवा, त्यात सेज या सुवासिक वनस्पतीची पानं कुरकुरीत करा, न्योकी घालून पातेलं हलवा, वरून चीज किसा. खरं पार्मेझान चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातल्या दूध जमवणाऱ्या विरजणाने, जमवतात, शाकाहारी घरात दुसरं घ्या. इटलीतल्या सोरेंतो गावची पद्धत टोमॅटो सॉस, मोझरेला आणि बेझिल घालून भाजायची. रोमच्या नावाने ओळखली जाणारी ‘न्योकी आला रोमाना’ मात्र वेगळीच. ती दूध आणि रव्याची असते, तिच्या कृतीचं प्रमाण इथे लावू नका.

उरलेली कच्ची न्योकी फ्रिजमध्ये ठेवली तर काळपट आणि चिकट होते. मैदा भुरभुरलेल्या ताटात सुटी-सुटी ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. महिनाभर टिकते. वापरताना वितळवायची नाही, गोठलेलीच उकळत्या पाण्यात सोडायची, आणि एका वेळी आणखी कमी.