तुम्ही विचारलेत म्हणून : मेमरी शिल्लक असताना व्हीएम का नाकारले जाते?

ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारे एक खासगी क्लाउड सांभाळणे हे माझे काम असल्यामुळे एक प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्याकडे येतोच. विचारणाऱ्याकडे मॉनिटरिंगचा स्क्रीनशॉट असतो, त्यात एकही होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर गेलेला दिसत नाही, आणि त्याचे व्हीएम, म्हणजे होस्टवर चालणारा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन), मात्र ‘नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड’ एवढे एकच वाक्य दाखवून एररमध्ये गेलेले असते. ‘एवढे होस्ट रिकामे पडले आहेत, मग कोणते व्हीएम कुठे चालवायचे हे ठरवते तरी कोण?’ असा तो प्रश्न. दरवेळी जिन्यात उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे, असे वाटले.

होस्टवर या क्षणी किती सीपीयू आणि मेमरी प्रत्यक्ष वापरात आहे, हे नेहमीच्या मांडणीत नोव्हाचा (ओपनस्टॅकमधला व्हीएम चालवणारा भाग) शेड्युलर, म्हणजे व्हीएमसाठी होस्ट निवडणारा घटक, पाहतच नाही. प्लेसमेंट नावाची सेवा प्रत्येक होस्टची एक वही ठेवते: एकूण इतके सीपीयू, इतकी मेमरी, इतकी डिस्क, आणि त्यांतून कोणत्या व्हीएमच्या नावे किती लिहून दिले. तुम्ही 32 जीबीचा फ्लेवर, म्हणजे व्हीएमचा ठरलेला आकार, निवडलात आणि तुमचे ॲप्लिकेशन जेमतेम 3 जीबी वापरत असले, तरी वहीत 32 जीबीच खर्ची पडतात; आरक्षण केलेला प्रवासी गाडीत चढला नाही म्हणून एसटीचा तक्ता बदलत नाही, तसेच हे. दुसऱ्या बाजूने ही वही बरीच उदारही असते. कितीतरी वर्षे ओपनस्टॅकचे मूळ प्रमाण एका प्रत्यक्ष सीपीयूमागे 16 आभासी सीपीयू आणि मेमरीसाठी दीडपट असे होते. सीपीयूचा वेळ वाटून घेता येतो, त्यामुळे तिथली उधारी खपून जाते. मेमरीची उधारी सगळ्यांनी एकदम वसूल करायला घेतली, तर होस्ट स्वॅपमध्ये जातो (मेमरीऐवजी संथ डिस्क वापरू लागतो) किंवा त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, एखादे व्हीएमच मारून टाकतो, म्हणून आम्ही मेमरीचे प्रमाण 1 ठेवले आहे.

या वहीनुसार ज्यांच्याकडे जागा आहे असे होस्ट निघाले, की फिल्टरांची चाळणी सुरू होते. तुम्ही मागितलेला अव्हेलेबिलिटी झोन (होस्टांचा ठरावीक गट), इमेजला (व्हीएम ज्यावरून तयार होते त्या साच्याला) लागणारी प्रोसेसरची जात, एकाच सेवेची दोन व्हीएम एका होस्टवर नकोत ही अँटी-ॲफिनिटीची अट, यांपैकी एकात जरी होस्ट बसला नाही तरी तो बाद होतो, मग बाकी सगळे कितीही अनुकूल असो. सर्वांत जास्त गोंधळ न्यूमाच्या, म्हणजे कोणती मेमरी कोणत्या प्रोसेसरजवळ आहे हे पाहणाऱ्या, फिल्टरमुळे होतो. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये अर्धी मेमरी एका प्रोसेसरला जवळची असते आणि अर्धी दुसऱ्याला. सीपीयू पिन केलेले (ठरावीक सीपीयूंना बांधून ठेवलेले) 128 जीबीचे व्हीएम वेगळे काही सांगितले नसेल तर एकाच बाजूला बसावे लागते. दोन्ही बाजूंना 80-80 जीबी मोकळी असेल, तर बेरीज 160 दिसते, आणि तरीही होस्ट नाकारला जातो. कोणत्या फिल्टरनंतर किती होस्ट उरले हे शेड्युलरच्या लॉगमध्ये लिहिलेले असते आणि शून्य होस्ट परत करणाऱ्या फिल्टरचे नावही तिथेच सापडते. तुमच्या पडद्यावर त्यातले काहीच येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

उरलेल्या होस्टांना वेअर म्हणजे वजन देणारे घटक गुण देतात, आणि ज्याचे गुण जास्त त्याच्याकडे व्हीएम जाते. मूळ मांडणीत जास्त मेमरी शिल्लक असलेल्याला जास्त गुण मिळतात, त्यामुळे व्हीएम सगळीकडे पसरत जातात. गंमत अशी की गुण देताना सर्वांत कमी शिल्लक असलेल्याला 0 आणि सर्वांत जास्त असलेल्याला 1 धरले जाते, त्यामुळे सगळ्या होस्टांत अवघ्या एका जीबीचा फरक असला तरी गुणांत तो पूर्ण एकाचा दिसतो.

या पसरण्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे प्रत्येकी 256 जीबीचे 12 होस्ट होते आणि मूळ सेटिंगला मी हात लावला नव्हता. चार-चार, आठ-आठ जीबीची व्हीएम इतकी समान पसरली की प्रत्येक होस्टवर साधारण 100 जीबी उरले. त्यानंतर डेटाबेसवाल्यांनी 128 जीबीचे एक व्हीएम मागितले, आणि बाराशे जीबी शिल्लक असूनही ते कुठेच बसेना. शेवटी एका होस्टवरची आठ जीबीची चार व्हीएम लाइव्ह मायग्रेशनने, म्हणजे बंद न करता, दुसरीकडे हलवली आणि काम झाले, पण ती चार कोणती हे शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. शेड्युलर असे काही सुचवत नाही. व्हीएम तयार होताना, त्याचा आकार बदलताना किंवा ते हलवताना तो निर्णय घेतो आणि पुढे वळून पाहत नाही. व्हीएमवेअर या दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीत 2006 पासून असलेली डीआरएस ही सोय चालू व्हीएमसुद्धा भार पाहून हलवत राहते; तिकडून आलेले सहकारी इथेही तेच गृहीत धरतात.

मग शिल्लक मेमरीच्या गुणांना लागणारा गुणक ऋण करून, म्हणजे भरलेल्या होस्टला जास्त गुण देऊन, व्हीएम एकावर एक रचावीत का? मीही तसे करून पाहिले. मोठ्या व्हीएमसाठी जागा राहू लागली, पण गच्च भरलेला एक होस्ट बंद पडला की एकाच वेळी किती जणांचे फोन येतात तेही कळले. आता मोठ्या व्हीएमसाठी होस्टांचा वेगळा ॲग्रिगेट, म्हणजे गट, केला आहे. तिथे रचायचे आणि बाकी ठिकाणी पसरायचे.

आणखी एक विचित्र प्रकार म्हणजे बिघडलेल्या होस्टचा. त्यावर एकही व्हीएम नीट तयार होत नाही, म्हणून तो सतत रिकामा दिसतो, आणि रिकामा दिसतो म्हणून प्रत्येक नवे व्हीएम त्याच्याकडेच ओढले जाते. नोव्हात आता अपयशी प्रयत्नांचे गुण कापणारा वेअर आहे आणि त्याचा मूळ गुणक 10,00,000 आहे. एवढा मोठा आकडा ठेवणाऱ्याने बऱ्याच रात्री जागून काढल्या असाव्यात.

तेव्हा पुढच्या वेळी मला मॉनिटरिंगचा स्क्रीनशॉट पाठवू नका. फ्लेवरचे नाव आणि एररसोबत आलेला ‘रेक’ने (req-) सुरू होणारा रिक्वेस्ट आयडी तेवढा पाठवा, लॉगमध्ये कोणत्या फिल्टरला होस्ट संपले ते पाहून मी पाच मिनिटांत कळवतो.