महिनाभर फ्रिजवर लटकलेलं मत

जानेवारीच्या सुरुवातीला टपालानं मतपत्रिका आली आणि मी ती फ्रिजवर अंबाबाईच्या चुंबकाखाली अडकवून ठेवली. बायकोनं स्वतःची त्याच संध्याकाळी भरली, पाकीट चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पेटीत टाकून मोकळी झाली. माझी लटकत राहिली ती थेट ५ फेब्रुवारीपर्यंत. येता-जाता, दुधाची बाटली काढताना, तिच्याशी नजरानजर व्हायची.

आम्ही पार्सिपनीला राहतो. न्यू जर्सीतला अकरावा मतदारसंघ, म्हणजे मॉरिस, एसेक्स आणि पॅसेइक या तीन काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे, तुकडे जोडून केलेला. इथल्या खासदार मिकी शेरिल नोव्हेंबर २०२५ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, २० नोव्हेंबरला त्यांनी खासदारकी सोडली आणि पोटनिवडणूक लागली. ५ फेब्रुवारी २०२६ ला प्रायमरी (माझी पत्रिका डेमोक्रॅटिक पक्षाची), १६ एप्रिलला प्रत्यक्ष निवडणूक. इचलकरंजीला आईला फोनवर सांगितलं, की काँग्रेसच्या जागेसाठी मत द्यायचंय. तर म्हणाली, "मग विचार कसला करतोस? हातावर शिक्का मार." तिला अमेरिकेतल्या संसदेलाच काँग्रेस म्हणतात हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. त्यानंतर प्रायमरी समजावायला घेतली आणि नाद सोडला.

आपल्याकडच्या माणसाला प्रायमरी एका वाक्यात सांगायची तर एवढंच: इथे एबी फॉर्म मतदार वाटतात. पक्षाचा उमेदवार कोण हे मुंबईत किंवा दिल्लीत ठरत नाही, पक्षाचे नोंदणीकृत मतदार मत देऊन ठरवतात. निदान पुस्तकात तरी असंच आहे. न्यू जर्सीत अगदी परवापरवापर्यंत २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये पक्षाची स्थानिक मंडळी आपल्या पसंतीच्या उमेदवारांची नावं मतपत्रिकेवर एका ओळीत छापून घ्यायची, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. त्या ओळीला इथे 'द लाइन' म्हणत. ज्याला लाइन मिळाली तो जवळपास जिंकलाच. २०२४ साली अँडी किम सिनेटला उभे राहिले तेव्हा ते याविरुद्ध कोर्टात गेले आणि मार्चमध्ये न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी ती पद्धत थांबवली. म्हणून माझ्या मतपत्रिकेवर या वेळी सगळी नावं एकाच चौकटीत, सारख्याच अक्षरात होती. छान वाटलं. आणि लगेच घामही फुटला, कारण नावं दहापेक्षा जास्त होती.

मी २००६ साली इथे आलो. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं काढली, २०२४ साली नागरिक झालो. मतदानाची हौस नव्या नवरदेवासारखी. शिवाय मी वाढलो ते पुरोगामी म्हणवणाऱ्या घरात, शाहू-फुले-आंबेडकर हे शब्द एका दमात उच्चारणाऱ्या भागात. तेव्हा मी पुरोगामी उमेदवाराला मत देणार हे ठरलेलंच होतं. पण हा शब्द आपल्याकडे किती झिजलाय ते सांगायला नको. हरेक पुढारी भाषणाची सुरुवात पुरोगामी महाराष्ट्रापासून करतो आणि शेवट कशावर करतो ते आपण ऐकतोच. इथेही तेच निघालं. घरी येणाऱ्या गुळगुळीत पत्रकांचा गठ्ठा वाढत गेला आणि त्यात जो तो प्रोग्रेसिव्ह. जो तो ट्रम्पशी लढणारा. नावं झाकून वाचली असती तर एकाच माणसानं आठ वेळा अर्ज भरलाय असं वाटलं असतं.

त्यातून चार नावं माझ्यासाठी खरी उरली. टॉम मालिनोव्स्की, शेजारच्या सातव्या मतदारसंघाचे दोन टर्म खासदार, २०२२ साली टॉम केन ज्युनियर यांच्याकडून हरलेले. त्याआधी ह्यूमन राइट्स वॉचमध्ये आणि ओबामांच्या परराष्ट्र खात्यात. माजी लेफ्टनंट गव्हर्नर टहीशा वे. एसेक्सचे काउंटी कमिशनर ब्रेंडन गिल. आणि ॲनालिलिया मेहिया, ज्यांचं नाव मी आधी ऐकलंही नव्हतं. कामगारांच्या चळवळीतून आलेल्या, २०२० साली सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराच्या राजकीय संचालक. सँडर्स आणि खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्तेझ या डाव्या नेत्यांचा त्यांना पाठिंबा. अँडी किम मात्र मालिनोव्स्कींच्या बाजूला.

बायकोचं मत मालिनोव्स्कींना. तिचा हिशेब सरळ: "अनुभवी माणूस आहे. गेल्या गेल्या कामाला लागेल. शिकाऊ उमेदवार कशाला?" मलाही तो माणूस पटत होता. पोलंडमध्ये जन्मलेला, लहानपणी आईबरोबर इथे आलेला, म्हणजे स्थलांतराचं काय ते त्याला वाचून कळलेलं नाही. मी पेन काढलंही होतं.

आणि मग ती जाहिरात सुरू झाली. यूट्यूबवर भीमसेनांचा एखादा अभंग लावावा तर आधी हीच. २०१९ साली मालिनोव्स्कींनी सीमेवरच्या तातडीच्या निधीच्या विधेयकाला मत दिलं, त्यात आयसीईला, म्हणजे इमिग्रेशनच्या पोलिसांना, पैसा होता, असं सांगणारी. वेळ कशी होती ते लक्षात घ्या. नेवार्कचं डिलेनी हॉल हे स्थलांतरितांचं कोठडी-केंद्र आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. जानेवारीत मिनीॲपोलिसमध्ये आयसीई आणि सीमा पोलिसांच्या कारवायांमध्ये दोन माणसं गोळ्यांना बळी पडलेली. आमच्या मित्रमंडळातले जे अजून एच-वन-बी व्हिसावर आहेत ते पासपोर्टची झेरॉक्स गाडीत ठेवून फिरत होते. जाहिरात बरोबर वर्मी लागली. मी सोफ्यावरून बायकोला म्हणालो, "बघ तुझा अनुभवी माणूस."

मुलगी सुट्टीला घरी होती. रटगर्सला दुसऱ्या वर्षात आहे, वीस वर्षांची, मत देण्याचा अनुभव माझ्याइतकाच. ती म्हणाली, "बाबा, खाली वाच ना. पैसे कोणाचे ते बघ."

व्हिडिओ थांबवला. चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी नेला. खाली राखाडी पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरात: युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट. मला वाटलं, असेल कुठलीतरी नागरी हक्कवाली संस्था. मुलीनं सांगितलं, ही एपॅक या इस्राएलच्या समर्थकांच्या दबावगटाशी जोडलेली सुपर पॅक, म्हणजे प्रचारावर हवा तेवढा पैसा ओतू शकणारी संस्था. या एका प्रायमरीत त्यांनी मालिनोव्स्कींविरुद्ध वीस लाख डॉलरपेक्षा जास्त ओतले. मालिनोव्स्की काही इस्राएलचे विरोधक नव्हेत, उलट जुने समर्थक. पण इस्राएलला मिळणाऱ्या अमेरिकी मदतीला कधीच कुठलीच अट घालणार नाही, असं लिहून द्यायला ते तयार नव्हते. तेवढं पुरलं. आणि जाहिरातीत इस्राएल हा शब्द एकदाही नाही! इमिग्रेशनवरून पेटलेल्या माझ्यासारख्याला पेटवायचं आणि कारण भलतंच.

पाच मिनिटांपूर्वी मी त्या जाहिरातीचं बोलणं स्वतःचं म्हणून बायकोला ऐकवलं होतं. ती स्वयंपाकघरातून फक्त "हं" म्हणाली. त्या 'हं'मध्ये बरंच काही होतं.

त्या रात्रीपासून मी पत्रकं वाचायची पद्धत बदलली. आधी उलटं करायचं, पैसे कोणी दिले ते बघायचं, मगच पुढची बाजू. आणि उमेदवार काय करणार हे वाचायचंच नाही. निवडणूक नसताना त्यानं काय केलं तेवढंच शोधायचं.

याच शोधात मेहियांचं जुनं काम हाती लागलं. त्या न्यू जर्सीच्या वर्किंग फॅमिलीज या पुरोगामी संघटनेच्या प्रमुख असताना राज्यात दोन कायदे झाले, आणि दोन्हींच्या लढ्यात त्या पुढे होत्या. एक, १५ डॉलर किमान वेतनाचा, २०१९ चा. दुसरा, पगारी आजारी रजेचा, २०१८ चा: तीस तास काम केलं की एक तास रजा, वर्षाला ४० तासांपर्यंत. हा दुसरा कायदा मी वाचला आणि थबकलो. २०१७ साली बायकोला नुकतं वर्क परमिट मिळालं होतं आणि ती एका दुकानात तासावर काम करायची. पोरीला ताप आला की दोन दिवसांचा पगार जायचा. एकदा ती तापलेल्या पोरीला क्रोसिन देऊन शाळेत सोडून कामावर गेली आणि दुपारी शाळेतून फोन आला, की घेऊन जा. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पगाराच्या चिठ्ठीवर एक नवा रकाना दिसायला लागला. तो कुठून आला हे तेव्हा आम्ही विचारलं नव्हतं. वाटलं, मालक सुधारला.

हे मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं केलं त्यांनी. पण माझं मत गेलंय, आणि मी परत दिलं तरी यांनाच देईन." तिच्या मते कायद्यासाठी भांडणं वेगळं आणि वॉशिंग्टनमध्ये बसून कायदा करणं वेगळं. यात चूक काहीच नाही.

माझ्यापुढे आता दुसराच पेच. इथे दुसरी फेरी नाही. दहा-बारा जणांत ज्याला एक मत जास्त तो जिंकला, मग ती मतं पंचवीस टक्के का असेनात. आपल्याकडे ज्याला 'मतं खाणारा उमेदवार' म्हणतात, तसे इथे सगळेच एकमेकांचं खात होते. मेहिया आवडल्या, पण त्या तिसऱ्या-चौथ्या येणार असतील तर? आमच्या ग्रुपातला एक नागपूरकर मला रोज पटवायचा, "अरे बावा, मत वाया नको घालवू." मंडळाच्या ग्रुपवर राजकारणाला बंदी, त्यामुळे तो वेगळा मेसेज करायचा आणि शेवटी गुडमॉर्निंगचं फूल टाकायचा.

२५ जानेवारीच्या रविवारी बर्फ पडला, चांगला फूटभर. त्यानंतर तीन-चार दिवसांनी दारावर टकटक. गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या, सत्तरीच्या एक बाई. निवृत्त शिक्षिका, माँटक्लेअरहून मेहियांच्या प्रचाराला आलेल्या. मी आत बोलावलं, त्या पायपुसण्यावरच उभ्या राहिल्या, बर्फ आत नको म्हणून. चहा मात्र घेतला, आलं घातलेला. मी विचारलं, या जिंकतील का? त्या म्हणाल्या, ते मला माहीत नाही, पण तुम्ही पत्रिका अजून पाठवली नाहीत ना, मग घाई करू नका, गुरुवारपर्यंत वेळ आहे. दुसरा कुठलाही कार्यकर्ता असता तर म्हणाला असता, आत्ताच भरा, मी उभा राहतो.

मनात आलं, सरळ केंद्रावर जाऊन यंत्रावरच द्यावं. तेही जमेना. इथे टपाली मतपत्रिका ज्याच्या नावावर निघाली त्याला यंत्रावर मत देता येत नाही. पेटीत टाका किंवा टपालात.

५ तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. मेहियांच्या नावापुढचा गोल भरला. आतल्या पाकिटाला प्रमाणपत्राची एक पट्टी जोडलेली असते, ती फाडायची नाही, हे तीनदा वाचलं. सही केली, पाकिटात पाकीट घातलं, गाडी काढली. पेटी रात्री आठला बंद. पार्किंगच्या कडेला बर्फाचे काळवंडलेले ढीग, आणि पेटीपाशी माझ्यासारखेच चार-पाच उशिरा शहाणे झालेले. पाकीट आत पडल्याचा आवाज ऐकून घरी आलो.

रात्री मोजणी सुरू झाली. आधी टपाली आणि लवकर दिलेली मतं मोजली गेली, त्यात मालिनोव्स्की पुढे. निकालाचा अंदाज सांगणाऱ्या एका संस्थेनं ते जिंकल्याचं जाहीरही केलं. बायको "बघ" म्हणून झोपायला गेली. मग त्या दिवशीची यंत्रांवरची मतं येऊ लागली आणि अंतर खाली, खाली, आणि मेहिया पुढे. त्या संस्थेनं घोषणा मागे घेतली. सकाळी बायकोला चहाबरोबर ही बातमी दिली. तिनं आधी चहा संपवला.

मात्र कोणी अधिकृत जिंकलं नव्हतं. थोडक्या मतांचा मामला, टपाली मतं अजून येत होती. पोस्टाचा शिक्का वेळेत असेल तर सहा दिवसांपर्यंत आलेली धरतात. आणि शनिवारी मला पत्र आलं: तुमची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही.

चूक शंभर टक्के माझी. नाव नोंदवताना मी इंग्रजीत, पूर्ण नाव, शाळेत शिकवल्यासारखी सही केली होती. आणि गुरुवारी घाईघाईत हात आपोआप वळला तो सांगलीच्या बँकेतल्या खात्यावर करतो तसा. देवनागरीत, शेवटी खाली एक फटकारा मारून. मतमोजणीच्या टेबलावर कोणीतरी तो फटकारा बघून डोकं खाजवलं असणार. सोबत एक फॉर्म होता: हे मत माझंच आहे असं लिहा, सही करा, ओळखपत्राची प्रत जोडा. महिनाभर विचार करून दिलेलं मत एका वेलांटीपायी अडलेलं. मुलगी फोनवर इतकी हसली की तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला सगळं पुन्हा सांगावं लागलं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि फॉर्म स्वतः नेऊन दिला. मंगळवारी, १० फेब्रुवारीला, मालिनोव्स्कींनी हार मान्य केली. फरक हजाराच्या आसपास होता. एपॅकच्या पैशानं मालिनोव्स्कींना पाडलं, पण प्रायमरी जिंकल्या त्या इस्राएलवर त्यांच्यापेक्षा कितीतरी कडक बोलणाऱ्या मेहिया. हे त्या पैसेवाल्यांनी कसं पचवलं कोण जाणे. बायकोला मात्र हरल्यापेक्षा तिच्या माणसाला असं पाडलं याचाच राग आहे, आणि त्या रागात मी तिच्या बाजूला आहे.

आता १६ एप्रिल २०२६ ला मेहिया विरुद्ध रिपब्लिकन जो हॅथवे. जूनमध्ये पुढच्या पूर्ण टर्मसाठी पुन्हा प्रायमरी, नोव्हेंबरला पुन्हा निवडणूक. एका जागेसाठी एका वर्षात चार पाकिटं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "तुमच्याकडं दुसरी कामं नाहीत का?"

एप्रिलची पत्रिका परवा आली. अंबाबाईखाली लावली आहे. शेजारी बायकोनं एक पिवळी चिठ्ठी चिकटवलीय: 'इंग्रजीत. पूर्ण नाव.' मी विजेच्या बिलाच्या पाठीमागे आठ-दहा वेळा करून बघितली. त्यातल्या दोन अजूनही फटकाऱ्यानिशीच आल्या.